थंडीत हँडब्रेक ओढायचा की नाही?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे, बाकी भाषा बोलण्यातली आहे तशीच ठेवली आहे.)



मी मूळचा कराडचा. बीटेक कॉम्प्युटरमध्ये केलं आणि गेली चार वर्षं अमेरिकेत, मिनिआपोलिसला सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतोय. म्हणजे मी मेकॅनिक नाही, ऑटोमोबाइलवाला पण नाही. तरी आज पंधरा-वीस मिनिटं मी फक्त हँडब्रेकबद्दल बोलणार आहे. का, तर या एका लिव्हरबद्दल मी दोन वेळा चुकलो. पहिल्या चुकीत पैसे गेले. दुसऱ्या चुकीत माझे वडील गाडीखाली जाता जाता वाचले.

आधी थोडं पप्पांबद्दल सांगतो. पप्पा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत. कराड-चिपळूण रस्त्यावर, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटातून त्यांनी बरीच वर्षं गाडी चालवली. मी बारावीनंतर गाडी शिकलो ती त्यांच्याकडूनच. त्यांचा पहिला नियम म्हणजे, गाडी थांबली की हँडब्रेक. रस्ता सपाट असो नाहीतर चढाचा, दोन मिनिटं थांबायचं असो नाहीतर रात्रभर. मी एकदा विसरलो तर त्यांनी मला गाडीतून उतरवलं, मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता हितनं गाडी सुटली तर कोण धरणार? तू का मी?" त्यानंतर मी कधी विसरलो नाही. हात आपोआप जायचा.

हीच सवय घेऊन मी मिनिआपोलिसला आलो. तिथं एक जुनी सेडान घेतली. ऑटोमॅटिक, पुढच्या चाकांवर चालणारी, मागं ड्रम ब्रेक आणि दोन सीटच्या मधे हातानं ओढायचा साधा हँडब्रेक.

मिनिआपोलिसची थंडी म्हणजे काय, याचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा सांगतो. ३० जानेवारी २०१९ ला तिथं उणे ३३ अंश सेल्सिअस नोंदवलं गेलं. तेवढी थंडी रोज पडत नाही, पण जानेवारीत उणे वीसच्या आसपास गेलं तर कुणी बातमी करत नाही. आणि गंमत अशी, गाडीचा हँडब्रेक जाम होण्याला नुसती थंडी पुरत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

तर पहिली चूक. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, जानेवारी महिना. दोन दिवस जरा ऊब होती. ऊब म्हणजे शून्याच्या आसपास. बारीक पाऊस, रस्त्यावर बर्फाचा चिखल. त्या चिखलात रस्त्यावर टाकलेलं मीठ असतं, आणि मिठानं गाडीचा पत्रा गंजतो. म्हणून मी शहाणपणा केला. संध्याकाळी गाडी धुवून आणली, अगदी खालून पाणी मारून. घरासमोर उभी केली, पी टाकलं आणि सवयीनं हँडब्रेक ओढला. रात्रीत तापमान उतरलं. सकाळी उणे बावीस.

सकाळी ऑफिसला निघालो. इंजिन सुरू झालं. हँडब्रेक खाली सोडला, तो नेहमीपेक्षा जरा ढिला वाटला. गिअर टाकला तर गाडी पुढं जायच्या ऐवजी मागून खाली बसल्यासारखी झाली. मी काय करावं? अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडी निघाली. मला वाटलं सुटलं. खरं तर मागचं उजवं चाक फिरतच नव्हतं, बर्फावरून नुसतं घसरत येत होतं. मोठ्या रस्त्याला लागलो, तिथं डांबर मोकळं होतं. मग टायर किंचाळायला लागला आणि जळकट वास आला. शेवटी गाडी टो करून न्यावी लागली. गॅरेजवाल्यानं ड्रम उघडून दाखवला. ब्रेक लायनर ड्रमला गोठून चिकटलं होतं आणि मी जोर लावल्यावर शूवरून उपटून निघालं होतं. टायर एका जागी घासून सपाट झाला होता.

ऑफिसमध्ये सांगितलं तर तिथं जन्मलेला सहकारी हसला. म्हणाला, इथं हिवाळ्यात हँडब्रेक कोण ओढतं? पी टाकायचं आणि घरात जायचं.

मी ते ऐकलं आणि हँडब्रेक सोडूनच दिला. पूर्ण. हिवाळा, उन्हाळा, सपाट, चढ, कुठंच नाही. आमच्या धंद्यात याला एक जोड आहे. एखादी टेस्ट सारखी फेल होतेय, कारण शोधायला वेळ नाही, मग ती टेस्टच बंद करून टाकायची. सगळं हिरवं दिसायला लागतं. मी तेच केलं होतं. आणि मिनिआपोलिस बऱ्यापैकी सपाट असल्यामुळं वर्षभर काही बिघडलं पण नाही.

आता दुसरी चूक. त्यानंतरच्या हिवाळ्यात आई-पप्पा सहा महिन्यांसाठी आले. पप्पांना बर्फ बघायचा होता. मार्चच्या सुरुवातीला आम्ही चौघं डुलुथला गेलो. मिनिआपोलिसपासून साधारण अडीचशे किलोमीटर, लेक सुपीरियरच्या काठावर. ते गाव टेकडीच्या उतारावर वसलंय, रस्ते सरळ तळ्याकडं उतरतात. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीय, काही रस्ते चालत चढताना पण दम लागतो.

अशाच एका रस्त्यावर मी गाडी लावली, तोंड चढाकडं. दुपारी बर्फ वितळून पाणी वाहिलेलं आणि आता संध्याकाळी त्याचा पातळ बर्फ झालेला. पुढची चाकं त्या बर्फावर होती, हे मी पाहिलंच नाही. मागची चाकं मोकळ्या डांबरावर. मी पी टाकलं. पाय ब्रेकवरच होता. पप्पा पुढं बसले होते, ते पहिले उतरले. आईची शाल डिकीत होती, ती काढायला मागं गेले. आई आणि बायको अजून मागच्या सीटवर. मी इंजिन बंद केलं आणि ब्रेकवरचा पाय काढला.

गाडी जराशी मागं बसली. ते नेहमीचंच, पी वर गाडीचा भार आला की तेवढी हलते. पण थांबली नाही. हळूहळू, आवाज न करता, मागं सरकायला लागली. आरशात मला पप्पांची पाठ दिसली, डिकीत वाकलेली. मला ब्रेकवर पाय द्यायचं सुचलं नाही. खरं सांगतो, नाही सुचलं. पण उजवा हात आपोआप गेला आणि हँडब्रेक ओढला गेला. गाडी गचकन थांबली.

पप्पा पडले होते. डिकीचा धक्का मांडीला लागला, हात खरचटला, थर्मास फुटला. बाकी काही नाही. ते उठले, कपडे झाडले आणि पहिलं काम काय केलं असेल, तर रस्त्याकडेला पडलेलं एक लाकूड आणून मागच्या चाकाखाली घातलं. मग माझ्या खिडकीपाशी आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "हँडब्रेक का नाही लावलास रं?"

रात्री हॉटेलवर मी त्यांना गेल्या वर्षीची सगळी गोष्ट सांगितली. लायनर कसं उपटलं, टो कसं करावं लागलं, लोक काय म्हणाले. मला वाटलं होतं ते म्हणतील, नियम तो नियम. पण त्यांनी विचारलं, "पाणी कुठनं शिरलं?"

मी गप्प. हा प्रश्न मी वर्षभरात स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

मग ते सांगत बसले. एसटीच्या गाड्यांना हवेचे ब्रेक. हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साठतं, ते टाकीच्या खालून काढून टाकायला लागतं. आपल्याकडं ते गोठत नाही, पण गंज करतं. आणि आपली घरची गाडी? पावसाळ्यात महिनाभर एका जागी उभी ठेवायची असेल तर पप्पा हँडब्रेक ओढत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये टाकतात आणि चाकाला पुढून-मागून दगड लावतात. कारण ओलसर हवेत लायनर ड्रमला गंजून धरतं. म्हटलं, "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही." तर म्हणाले, "तू कधी महिनाभर गाडी लावलीस?"

म्हणजे बघा. ज्यांनी मला नियम दिला त्यांना त्याचा अपवाद माहीत होता, कारण त्यांना नियमाचं कारण माहीत होतं. माझ्याकडं नुसता नियम होता. म्हणून एक वाईट सकाळ आली आणि मी तो नियम टाकून उलटा नियम उचलला. दोन्हींची कारणं मला माहीत नव्हती.

तर आता कारणं बघू. आधी जाम का होतो ते.

साधा हँडब्रेक म्हणजे एक लोखंडी तार आहे, रबर-प्लास्टिकच्या नळीतून मागच्या चाकांपर्यंत गेलेली. लिव्हर ओढला की तार ओढली जाते आणि ब्रेक शू ड्रमला दाबले जातात. जुन्या गाडीत नळीच्या टोकाचं रबर फाटतं, पाणी आत जातं. ते गोठलं की तार नळीत अडकते. तुम्ही लिव्हर खाली केलात तरी मागं काही सुटत नाही. हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार माझ्या गाडीत झाला तो. ड्रममध्येच पाणी होतं, शू दाबलेले होते, आणि मधला ओलावा गोठला. बर्फानं डिंकाचं काम केलं.

दोन्हींत पाणी लागतंच. कोरड्या ब्रेकला उणे वीसमध्ये चिकटायला काही नसतं. सगळ्यात घातकी दिवस म्हणजे शून्याच्या वर-खाली होणारा दिवस. दुपारी चिखल, रात्री कडाका. किंवा गाडी धुवून आणलेला दिवस. किंवा गरम झालेल्या ब्रेकवर बर्फ उडून वितळला आणि तुम्ही तशीच गाडी लावली.

आता दुसरी बाजू, नुसतं पी का पुरत नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये दात्यांचं एक चाक असतं. पी टाकलं की त्याच्या खाचेत एक छोटा खटका जाऊन बसतो. बस, एवढंच. आणि माझ्यासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो फक्त पुढची चाकं धरतो. मागची दोन मोकळी. हँडब्रेक मागची दोन धरतो. म्हणजे ही एकाच कामाची दोन साधनं नाहीत, ती गाडीची वेगवेगळी टोकं धरतात.

घरी आल्यावर मी कागदावर मांडून पाहिलं. रबराची पकड कोरड्या डांबरावर साधारण ०.७ धरतात, बर्फावर ०.१ च्या आसपास. गाडीचं साठ टक्के वजन पुढं आहे असं धरू. पुढची चाकं अडकलेली पण बर्फावर, तर एकूण पकड ०.१ गुणिले ०.६, म्हणजे ०.०६. सहा टक्क्यांपेक्षा जास्त चढ असला की गाडी घसरणार. शंभर फुटांत सहा फूट, एवढाच चढ. आणि हँडब्रेक ओढला तेव्हा मागची चाकं डांबरावर होती, तर ०.७ गुणिले ०.४, म्हणजे ०.२८. जवळजवळ पाचपट. म्हणून गाडी थांबली. त्यात माझं काहीच कौतुक नाही. मागची चाकं पण बर्फावर असती तर हँडब्रेक ओढूनही कदाचित ती घसरतच गेली असती.

आता करायचं काय? मी दोनच प्रश्न विचारतो. ब्रेक ओला आहे का? जागा उताराची आहे का?

ब्रेक कोरडा आणि जागा उताराची, तर हँडब्रेक ओढायचाच. यात विचार करण्यासारखं काही नाही. आणि क्रम महत्त्वाचा. पाय ब्रेकवर, न्यूट्रल, मग हँडब्रेक. पाय हळू सोडून बघायचा, गाडीचा भार हँडब्रेकवर आला की पुन्हा पाय देऊन पी टाकायचं. म्हणजे सगळं वजन त्या छोट्या खटक्यावर येत नाही. गिअरची गाडी असेल तर चढाला तोंड असताना पहिला, उताराला तोंड असताना रिव्हर्स.

ब्रेक कोरडा आणि जागा सपाट, तर हँडब्रेक ओढा, काही होत नाही. उलट अधूनमधून वापरलेला बरा, तार मोकळी राहते.

ब्रेक ओला, जागा सपाट आणि रात्री गोठणार आहे, तर हँडब्रेक नको. पी किंवा गिअर, आणि चाकाला पुढून-मागून लाकूड नाहीतर दगड. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये कडाक्याच्या थंडीसाठी हेच लिहिलेलं असतं. फक्त सकाळी निघताना ते लाकूड काढायचं लक्षात ठेवा.

चौथा प्रकार खरा अवघड. ब्रेक ओला, जागा उताराची. पहिलं उत्तर, तिथं लावूच नका. सपाट जागा शोधा आणि चालत या. नाइलाज असेल तर हँडब्रेक ओढा, पी टाका, चाकं अशी वळवा की गाडी सुटली तर फुटपाथच्या कडेला अडेल. उताराला तोंड असेल तर चाकं फुटपाथकडं, चढाला तोंड असेल तर फुटपाथच्या उलट. पण बर्फाखाली ती कड गाडली गेली असेल तर तिच्यावर विसंबू नका, लाकूड लावाच. आणि मान्य करा की सकाळी ब्रेक जाम झालेला असू शकतो. असू दे. जाम झालेली गाडी तुमची वाट बघत थांबते. सुटलेली गाडी कुणाची वाट बघत नाही.

ब्रेक ओला राहू नये म्हणून पण एक सोपी गोष्ट आहे. घर जवळ आलं, रस्ता मोकळा आहे, मागं कुणी नाही, तर शेवटच्या किलोमीटरभरात चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबत यायचं. घासून निघालेल्या उष्णतेनं ओलावा बराचसा उडतो. आता गाडी धुवून आणली की मी थोडी फिरवूनच घरी आणतो.

आणि जाम झालाच तर? जोर लावू नका, मी लावून बघितलाय. गाडी सुरू करून थोडी गरम होऊ द्या. पण बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही, आणि मागचा धुराचा पाइप बर्फानं बुजला नाही ना हे आधी बघा. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि माणूस मरतो. मग हँडब्रेक पाच-सहा वेळा ओढून-सोडून बघा. एकदा पुढचा गिअर, एकदा रिव्हर्स, अगदी हलकेच. तरी नाही सुटला तर चाकाच्या आतल्या ड्रमवर रबरी हातोडीनं बारीक ठोके. वायर पोचत असेल तर हेअर ड्रायर. उकळतं पाणी ओतू नका. गोठलेल्या लोखंडाला तो धक्का चांगला नाही, आणि तेच पाणी पुन्हा गोठतं. सुटल्यावर दहा फूट गाडी नेऊन कुणालातरी बाहेरून बघायला सांगा, मागची दोन्ही चाकं फिरतायत का.

नव्या गाड्यांत लिव्हर नसतो, बटण असतं. त्यात बहुतेक वेळा चाकाजवळच एक मोटर ब्रेक दाबते, त्यामुळं तार गोठायचा प्रश्न कमी. पण ब्रेकचे पॅड डिस्कला चिकटू शकतात, ओलावा तोच असतो. काही गाड्या बंद केल्या की आपणहून हा ब्रेक लावतात. ते तात्पुरतं बंद कसं करायचं हे मॅन्युअलमध्ये असतं, हिवाळ्याच्या आधी वाचून ठेवा. उणे वीसमध्ये मोबाइलवर शोधायला बोटं चालत नाहीत.

आणि हे फक्त अमेरिकेतल्यांसाठी नाही. पुण्या-मुंबईहून हिवाळ्यात स्पितीला, लडाखला गाडी घेऊन जाणारे आता पुष्कळ आहेत. तिथले स्थानिक ड्रायव्हर रात्री गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावतात, ते उगीच नाही. बघून ठेवा, आणि का म्हणून विचारा.

पप्पा आता कराडला आहेत. हिवाळा सुरू झाला की फोनवर विचारतात, "तिकडं किती?" मी म्हणतो, उणे अठरा. मग ते विचारतात, "गाडी सपाटीला हाय का?" मी हो म्हणेपर्यंत पुढचं बोलत नाहीत.

तुमच्याकडंही कुणीतरी घालून दिलेला असा एखादा नियम असेल. तो मोडायच्या आधी त्यांना एकदा विचारून घ्या, का ते. ते असेपर्यंत.

 सावकाश चालवा.